आधी वाकतो, मग मोडतो

'मोडेन पण वाकणार नाही' हा आपल्या मराठी माणसाचा लाडका बाणा. भाषणांत, निबंधांत आणि लग्नाच्या बोलणीतसुद्धा तो ऐकू येतो. माझा सारा जन्म मात्र ज्या वस्तूंच्या संगतीत गेला, त्यांची तऱ्हा अगदी उलटी. उंच, सडपातळ पोलादी दांडा उभा करून त्याच्या डोक्यावर भार वाढवत गेले, तर तो आधी वाकतो, आणि वाकला म्हणूनच मोडतो. भाराखाली चिरडून जाण्याची वेळ त्याच्यावर येतच नाही. इंजिनिअर याला बकलिंग म्हणतात. या लेखात मी त्याला साधे 'बाक येणे' म्हणेन.

शिकागोजवळच्या एका कंपनीत तीसएक वर्षे मी स्क्रू जॅक निवडून देण्याचे काम केले. निवृत्तीनंतर संपादकांनी 'तुमच्या धंद्याचा काही इतिहास असेल तर लिहा' म्हणून आग्रह धरला. मनात म्हटले, जॅकचा कसला आलाय इतिहास! गाडीचे चाक पंक्चर झाले की डिकीतून निघतो तो जॅक. पण लिहायला बसलो तेव्हा लक्षात आले, की या बाकामागे पावणेतीनशे वर्षांहून मोठी कथा आहे. तिच्यात एक थोर गणिती आहे, आपले शिकागो शहर आहे, आणि क्वेबेकजवळ सेंट लॉरेन्स नदीवर प्राण गमावलेले पंचाहत्तर कामगारही आहेत.

मळसूत्र आणि टेकू

स्क्रू जॅक म्हणजे दोन जुन्या युक्त्यांचा जोड: मळसूत्र आणि टेकू. मळसूत्राचे आटे म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेला चढ. डोंगरावर सरळ चढण्यापेक्षा घाटाच्या वळणांनी चढणे जसे सोपे, तसे लांब दांडीने स्क्रू फिरवत राहिले की एकटा माणूस काही टनांचे ओझे इंचाइंचाने वर नेतो. आट्यांचा चढ मंद ठेवला तर आणखी एक फायदा मिळतो. हात सोडला तरी घर्षणामुळे ओझे आपोआप खाली येत नाही. तेराव्या शतकातल्या व्हिलार द ओनकूर या फ्रेंच माणसाच्या चित्रवहीत मोठ्या मळसूत्राने ओझे उचलणाऱ्या यंत्राचे रेखाटन आहे. ती वही आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे.

या सोयीतच सगळी गोम आहे. ओझे वर जाते, कारण स्क्रू बाहेर येतो. स्क्रू बाहेर आला म्हणजे टेकू लांब झाला. म्हणजे जॅक सुरुवातीला बुटका आणि दणकट असतो, आणि काम संपताना, ओझे सर्वांत उंचावर असताना, तो सर्वांत सडपातळ झालेला असतो. लांब झालेला हा टेकू किती भार पेलेल, हे सांगायचे कसे?

काठ्या दाबणारा आणि गणित मांडणारा

याचे पहिले चांगले उत्तर हॉलंडमधून आले. पेट्रस व्हान मुशेनब्रोक हे नाव आपल्यापैकी काहींना शाळेतल्या 'लेडन जार'मुळे आठवेल. त्याने लाकडाच्या काठ्या उभ्या धरून दाबण्याचे एक यंत्र बनवले आणि १७२९ मध्ये आपले निष्कर्ष छापले. काठीची लांबी दुप्पट केली की ती निम्मा नव्हे, तर फक्त पाव भार पेलते. तिप्पट केली तर नववा हिस्सा. म्हणजे बळ लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते.

पंधरा वर्षांनी, १७४४ मध्ये, लिओनार्ड ऑयलरने हेच गणिताने सिद्ध केले. ऑयलर मूळचा स्वित्झर्लंडमधल्या बाझलचा, तेव्हा बर्लिनमध्ये होता, आणि एका डोळ्याची दृष्टी त्याआधीच गेलेली. लवचीक पट्टी कोणकोणत्या आकारांत वाकू शकते, याचा विचार करताना त्याला आढळले, की एका ठरावीक भारापर्यंत सरळ दांडा सरळच राहतो. त्या भाराला पोचले की सरळ राहणे आणि वाकणे हे दोन्ही पर्याय सारखेच होतात, आणि मग मुंगीच्या पावलाइतका धक्काही पुरतो. पुढे त्याने खांबांच्या बळावर स्वतंत्र निबंधही लिहिला.

या सूत्रात तीन गोष्टी येतात. पहिली लांबी. दुसरी जाडी, आणि तिचा प्रभाव जबरदस्त: गोल दांड्याचा व्यास दुप्पट केला की बाकाविरुद्धचे बळ सोळा पट होते. तिसरी म्हणजे द्रव्याचा ताठरपणा, त्याची स्थितिस्थापकता. द्रव्य किती ताकदीला तुटते, ही गोष्ट सूत्रात कुठेही नाही. माझ्या धंद्यातल्या निम्म्या गैरसमजांचे मूळ इथे आहे. साधे पोलाद आणि महागडे, कसदार पोलाद यांच्या तुटण्याच्या ताकदीत दुपटी-तिपटीचा फरक असतो. ताठरपणा मात्र दोघांचा जवळजवळ सारखा. त्यामुळे लांब स्क्रू महाग पोलादाचा केला म्हणून तो बाकाला जास्त दाद देत नाही असे मुळीच नाही. पैसे मात्र जास्त जातात.

चौथी गोष्ट सूत्राबरोबरच येते: टोके कशी धरली आहेत. खालून पक्का आणि वरून मोकळा, म्हणजे झेंड्याच्या काठीसारखा उभा असलेला दांडा सर्वांत दुबळा. वरचे टोक आडवे सरकणार नाही एवढी सोय केली, तर तोच दांडा आठ पट भार पेलतो. आपल्याकडे स्लॅब टाकताना सेंट्रिंगच्या बल्ल्यांना मधोमध आडवे बांबू बांधतात, ते पाहिलेले आठवत असेल. बल्ली मध्यावर अडवली की तिची मोकळी लांबी निम्मी होते आणि बळ चौपट. सुंभाने ते बांबू बांधणाऱ्या गड्याने ऑयलरचे नाव ऐकलेले नसते, पण सूत्र त्याच्या हातात असते.

शंभरएक वर्षे ऑयलरच्या सूत्राला फारसे गिऱ्हाईक नव्हते. इमारती दगडाच्या, खांब लठ्ठ, त्यांना बाक कुठून येणार? रेल्वे आल्या, लोखंडी पूल आले, सडपातळ कांबी भाराखाली उभ्या राहू लागल्या, तेव्हा ते धूळ झटकून बाहेर काढावे लागले. मग त्याची मर्यादाही कळली. फार सडपातळ नाही आणि फार बुटकाही नाही, अशा मधल्या खांबाला ऑयलरचे सूत्र अवाजवी बळ देऊ करते. १८८९ मध्ये फ्रान्समध्ये काँसिदेर आणि जर्मनीत एंगेसर यांनी यावर काम मांडले. १४ जून १८९१ रोजी बाझलजवळ, ऑयलरच्याच जन्मगावाशेजारी, म्युन्खेनश्टाइनचा रेल्वेपूल आगगाडीसकट कोसळून सत्तरहून अधिक माणसे गेली. पूल आयफेलच्या कंपनीने बांधलेला होता. त्या अपघातानंतर झुरिकच्या टेटमायरने दाबाखालच्या कांबींवर ज्या चाचण्या केल्या, त्यांनी मधल्या खांबांचे नियम बसवले.

कॅटलॉगमधले पाच टन

आता हे सारे रोजच्या कामात कसे येते, ते सांगतो. मी नोकरीत नवा असतानाची गोष्ट आहे. एका गिऱ्हाईकाला चार जॅकवर एक मंच वर-खाली करायचा होता. प्रत्येक जॅकवर ६०० किलो भार, उचल ९० सेंटिमीटर. स्क्रूचा व्यास, आट्यांच्या तळाशी मोजलेला, ३० मिलिमीटर. (हिशेबात नेहमी तळाचाच व्यास धरायचा. आटे दिसायला जाडी देतात, बाकाविरुद्ध त्यांची मदत धरायची नाही.) मंचाला बाजूने आधार नव्हता, म्हणजे स्क्रूचे वरचे टोक मोकळे. असा दांडा ९० सेंटिमीटरला सुमारे अडीच टनांवर बाकतो. ६०० किलोच्या चौपट, काम ठीक होते.

मग गिऱ्हाईकाने कळवले, की उचल १८० सेंटिमीटर हवी, बाकी सगळे तेच ठेवा. बैठकीत आमच्या विक्री विभागाने कॅटलॉग उघडून दाखवला: जॅकची क्षमता ५ टन. भार ६०० किलो. मग हरकत कसली? ५ टन हा आकडा खोटा नव्हता. तो आतल्या दात्यांचा, नटाचा आणि बेअरिंगचा होता. स्क्रूचा तर तुकडाच घेतला तर साध्या पोलादाचा असूनही तो सुमारे १८ टनांपर्यंत दबत नाही. पण १८० सेंटिमीटर बाहेर आलेला, वरून मोकळा तोच स्क्रू ६३० किलोंच्या आसपास बाकतो. ६०० आणि ६३०! मंचावर एक पोरगे उडी मारते तरी पुरे झाले असते.

माझे ग्रीन कार्ड तेव्हा व्हायचे होते आणि ते त्याच कंपनीमार्फत. ज्यांनी ते दिवस काढलेत, त्यांना बैठकीत 'नाही' म्हणताना घसा का कोरडा पडतो ते सांगायला नको. मी हिशेबाचा कागद टेबलावर ठेवला आणि या स्क्रूवर माझी सही होणार नाही, एवढेच म्हटले. थोडा वेळ कुणी बोलले नाही. मला 'तू अजून इथली पद्धत शिकतो आहेस' असेही ऐकवण्यात आले. शेवटी एका जुन्या ड्राफ्ट्समनने कागद उचलला, दोन मिनिटे पाहिला आणि मान हलवली. दोन मार्ग होते: स्क्रू दीडपट जाड करायचा, म्हणजे बळ पाच पट, किंवा मंचाला बाजूने सरळ चालवणाऱ्या मार्गिका द्यायच्या, म्हणजे बळ आठ पट. मार्गिका स्वस्त पडल्या. आणखी एक तिसरा मार्ग पुढे अनेकदा वापरला, तोही सांगून ठेवतो. शक्य असेल तिथे जॅक वर बांधून ओझे खाली टांगावे. ओढीखाली असलेल्या दांड्याला बाक येतच नाही.

शहर उचलणारी माणसे

सूत्र हातात नसलेल्यांनी काय केले, हे पाहायला आम्हा शिकागोकरांना दूर जायला नको. लेक स्ट्रीटवरून जाताना आपण ज्या जमिनीवर चालतो, ती मूळची जमीन नव्हे. जुने शिकागो मिशिगन सरोवराच्या पाण्याहून जेमतेम उंच होते. पाणी निचरत नसे, रस्त्यांत चिखल, आणि १८५४ मध्ये कॉलऱ्याची भयंकर साथ. १८५५ मध्ये एलिस चेसब्रो या इंजिनिअरला गटारांची योजना करायला नेमले. जमीन इतकी सखल, की गटारे खोल खणून उतार मिळेना. त्याने उपाय काढला: गटारे रस्त्यावरच घाला, वरून भर टाका आणि रस्ताच उंच करा. मग रस्ते वर गेले आणि इमारती खड्ड्यात राहिल्या. तेव्हा इमारतीही उचलायच्या ठरल्या.

जानेवारी १८५८ मध्ये रँडॉल्फ आणि डिअरबॉर्नच्या कोपऱ्यावरची चार मजली विटांची इमारत, वजन ७५० टन, २०० स्क्रू जॅकांवर ६ फूट २ इंच उचलली गेली. १८६० मध्ये लेक स्ट्रीटवर क्लार्क आणि लासाल यांच्या दरम्यानची ३२० फूट लांबीची दुकानांची अखंड रांग, अंदाजे ३५,००० टन, पाच दिवसांत ४ फूट ८ इंच वर गेली. ६,००० जॅक आणि ६०० माणसे. दुकाने चालूच होती, गिऱ्हाइके ये-जा करत होती. या कामातल्या कंत्राटदारांत जॉर्ज पुलमन होता, तोच पुढे रेल्वेच्या शयनयानांसाठी प्रसिद्ध झालेला. घरे हलवण्याचा धंदा त्याच्या वडिलांचाच. १८६१ मध्ये त्याने आणि त्याच्या भागीदारांनी ट्रीमाँट हाउस हे मोठे विटांचे हॉटेल पाहुण्यांसकट उचलले. एक पाहुणा म्हणे बुचकळ्यात पडला होता, की दारातल्या पायऱ्या रोज जास्त उभ्या का होत चालल्या आहेत!

मला या गोष्टीतली गंमत आकड्यांत दिसते. ३५,००० टनांना ६,००० जॅकांनी भागा: एका जॅकवर सहा टनांहून कमी. ६,००० जॅकांना ६०० माणसे, म्हणजे एकाकडे दहा. शिट्टी झाली की प्रत्येकाने आपापले जॅक थोडेसे फिरवायचे, सर्वांनी सारखे. जॅक आखूड आणि जाड. इमारत थोडी वर गेली की खाली ओंडके रचायचे, भार त्यांच्यावर घ्यायचा, स्क्रू परत आत घ्यायचा आणि जॅक नव्या उंचीवर बसवायचा. इमारत सहा फूट वर गेली, पण कुठलाही स्क्रू सहा फूट बाहेर आला नाही. लांब टेकू धोक्याचा, हे त्यांना अनुभवाने माहीत होते. त्यांनी टेकू कधी लांब होऊच दिला नाही.

हाच शहाणपणा त्याआधी वेल्समध्ये कामी आला होता. ब्रिटानिया पुलाच्या प्रचंड लोखंडी नळ्या पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या जॅकने वर चढवल्या जात होत्या. नळी जसजशी चढेल तसतसे तिच्याखाली बांधकाम भरत चला, असा रॉबर्ट स्टीफन्सनचा आग्रह होता. १७ ऑगस्ट १८४९ रोजी जॅकचे सिलिंडर फुटले आणि नळी खाली आली, पण काही इंचच. खाली भर नसती तर नळी, पूल आणि स्टीफन्सनची कीर्ती, तिन्ही पाण्यात गेली असती.

क्वेबेक, २९ ऑगस्ट १९०७

आता ज्यांच्याकडे सूत्र, चाचण्या, पदव्या आणि नावलौकिक सगळे होते, त्यांची गोष्ट.

सेंट लॉरेन्स नदीवरचा क्वेबेकचा पूल जगातला सर्वांत लांब गाळ्याचा पूल होणार होता. पोलादकाम पेन्सिल्व्हेनियाच्या फिनिक्स ब्रिज कंपनीकडे, आणि सल्लागार न्यूयॉर्कचा थिओडोर कूपर, त्या काळचा अमेरिकेतला मोठा पूलतज्ज्ञ. मधला गाळा आधी १,६०० फुटांचा ठरला होता. कूपरच्या सल्ल्याने तो १,८०० फुटांचा केला, पण वाढलेले स्वतःचे वजन हिशेबात वेळीच घेतले गेले नाही. चूक कळली तेव्हा बरेच पोलाद तयार झाले होते. जादा ताण चालून जाईल, असे ठरले.

पुलाच्या खालच्या बाजूच्या कांबी दाबाखाली होत्या, म्हणजे आडव्या झोपवलेल्या टेकूच म्हणा. प्रत्येक कांब चार उभ्या फळ्यांची, आणि त्या फळ्या तिरप्या पट्ट्यांच्या जाळीने एकमेकींना बांधलेल्या. चार फळ्या पक्क्या बांधल्या तर मिळून एक जाड खांब होतो. बांधणी कच्ची राहिली तर चार सडपातळ फळ्या उरतात, आणि ऑयलर प्रत्येकीला वेगळे गाठतो. इथे जाळी आणि तिचे रिव्हेट कमी पडले.

बाक अचानक आला नाही. ऑगस्ट १९०७ मध्ये अनेक कांबी किंचित वाकलेल्या दिसू लागल्या. कूपरचा तिथला प्रतिनिधी नॉर्मन मक्ल्युअर हा नुकताच पदवी घेऊन आलेला तरुण होता. प्रकृतीमुळे कूपर स्वतः पोलादकाम चालू असताना एकदाही तिथे गेला नाही. सारा कारभार पत्रांनी आणि तारांनी. मक्ल्युअर मोजत होता, कळवत होता. कंपनीचे म्हणणे होते, की कांबी कारखान्यातूनच तशा आल्या असतील. ए-नऊ-एल या कांबीचा बाक पाऊण इंच होता. साधारण आठवड्याभरात तो सव्वादोन इंच झाला. कारखान्यातून आलेला बाक आठवड्यात तिप्पट होत नाही. तरीही वाद चालू राहिला, आणि काम पण.

शेवटी मक्ल्युअर न्यूयॉर्कला गेला. २९ ऑगस्टला सकाळी त्याने कूपरला भेटून सगळे सांगितले. पुलावर आणखी भार घालू नका, अशी तार कूपरने दुपारी फिनिक्सव्हिलला केली, क्वेबेकला नाही. तिथल्या लोकांनी संध्याकाळी विचार केला आणि उद्या सकाळी पाहू असे ठरवले. त्या संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास, दिवसपाळी सुटता सुटता, सुमारे १९,००० टन पोलाद पंधराएक सेकंदांत कोसळले. पुलावर ८६ माणसे होती, ७५ गेली. त्यांत तीसहून अधिक मोहॉक कामगार काह्नावाके या एकाच वस्तीतले होते.

दुसरा पूल कितीतरी जाड कांबींचा बांधला. ११ सप्टेंबर १९१६ रोजी त्याचा ६४० फुटांचा, सुमारे ५,००० टनांचा मधला भाग जॅकने उचलताना एका कोपऱ्यातला ओतीव आधार तुटला, भाग नदीत गेला आणि आणखी १३ माणसे गेली. पुढच्या वर्षी तेच काम पुन्हा केले, दर खेपेला दोन फूट, असे चार दिवस, आणि २० सप्टेंबर १९१७ ला ते पुरे झाले. तो पूल आजही उभा आहे, आणि त्याच्या जातीच्या पुलांत त्याचाच गाळा आजही सर्वांत लांब आहे.

कॅनडात शिकलेल्या आपल्या मुलामुलींच्या करंगळीत लोखंडी अंगठी दिसते, ती इंजिनिअरच्या शपथेची. तो विधी रुडयार्ड किपलिंगने लिहिला, म्हणजे मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात जन्मलेल्या माणसाने. पहिला समारंभ १९२५ मध्ये माँट्रियलला झाला. अंगठ्या पडलेल्या पुलाच्या लोखंडाच्या असतात, असे सांगितले जाते. ते खरे नाही. पण पडलेल्या पुलाची आठवण लोकांनी आपणहून त्या अंगठीत घातली, यातच काय ते आले. अमेरिकेतही १९७० पासून तशीच अंगठी देण्याची प्रथा आहे.

माझ्या हाताखाली जी तरुण मुले शिकली, त्यांना मी तीन प्रश्न पाठ करायला लावत असे. स्क्रू पूर्ण बाहेर आल्यावर किती लांब आहे? आट्यांच्या तळाशी किती जाड आहे? आणि वरचे टोक कोणी धरले आहे का? कॅटलॉगमधली क्षमता त्यानंतर बघायची, आणि आलेल्या भाराला निदान चाराने भागायचे. हे तीन प्रश्न क्वेबेकच्या कांबीलाही लागू होते. उत्तरे मिळवायला तिथे कुणाला नवे गणित शोधायचे नव्हते.

चौथी गोष्ट मात्र सूत्रात बसत नाही. पाऊण इंचाचा बाक पहिल्यांदा ज्याला दिसतो, तो बहुधा त्या जागेवरचा सर्वांत लहान, सर्वांत नवा माणूस असतो. आपल्यापैकी बरेचजण या देशात आले तेव्हा नेमके त्याच जागी उभे होते, आणि आपली मुले आज उभी आहेत. मक्ल्युअरने मोजले आणि सांगितले, ते योग्यच केले. थांबवण्याचा अधिकार मात्र त्याच्या हाती नव्हता. तुमच्या हाताखाली असा कोणी असेल, तर तो पट्टी घेऊन दारात आला की हातातले काम बाजूला ठेवा. आधी काम थांबवा, बाक कुठून आला याचा वाद मग घाला.